क्रमांक कोणी द्यावा?



मराठीचा एक सेवानिवृत्त प्राध्यापक संगणकाच्या अंतरंगाविषयी बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना तो मुद्रणदोष वाटला असेल. तसे नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो ते गणित शिकवीत, हे खरे. पण मला त्यांची आठवण होते ती त्यांच्या टेबलावरील दोन वह्यांमुळे. एक हजेरीपट आणि दुसरे जनरल रजिस्टर. हजेरीपटातला आपला क्रमांक दरवर्षी बदले. सातवीत मी एकोणीस होतो, आठवीत बावीस झालो, आणि माझा एकोणीस दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. जनरल रजिस्टरातला क्रमांक मात्र शाळेत पाऊल टाकल्या दिवशी मिळे आणि शाळा सोडल्यावरही आपलाच राही. शाळा सोडून गेलेल्या, एवढेच नव्हे तर शिकत असतानाच देवाघरी गेलेल्या मुलाचाही क्रमांक गुरुजी दुसऱ्याला देत नसत. पुढचा मुलगा पुढचा क्रमांक घेई. क्रमांक देण्याच्या या दोन रीतींतला फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो ध्यानात यायला मला एक मोठी फजिती सोसावी लागली. ती पुढे सांगेन.

आता विषयाकडे कसा वळलो ते सांगतो. २०२२ च्या दिवाळीत याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे फराळाला आला. तो बंगळूरला संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतो. त्याला एका इंग्रजी संज्ञेसाठी मराठी शब्द हवा होता. मी 'ओळखक्रमांकांचे वाटप' असा शब्द सुचविला आणि वडोदऱ्याच्या सवयीने त्याला १९३१ साली येथे निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'ची गोष्ट ऐकविली. राज्यकारभारातील एकेका इंग्रजी संज्ञेला अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडून पाहणारा तो कोश. मुलाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, पण वाटप म्हणजे नेमके काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हते. वस्तू न पाहता तिला नाव देणे हा आमच्या व्यवसायातला जुना दोष आहे. म्हणून मी त्याला बसवून घेतले. तो बिचारा चार दिवस येत राहिला. आज आपल्यापुढे मांडतो आहे ते त्या चार बैठकींचे, आणि त्यानंतर मी स्वतः जे वाचले त्याचे, फलित आहे. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसते ते सगळे वरचे साल. आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, प्रक्रियकावर पाळी कोणाची, चकतीवर काय लिहायचे, हे तो ठरवितो. लिनक्स हा असाच एक कर्नल. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते, आणि आज जगभरच्या कंपन्यांचे पगारी अभियंते व हौशी मंडळी मिळून ती सांभाळतात. या आज्ञावलीचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट यंत्राशी, म्हणजे मुद्रकाशी, चकतीशी किंवा जाळ्याच्या कार्डाशी, कसे बोलायचे हे जाणणारा कर्नलचा तुकडा. 'चालक' हा प्रतिशब्द कोशात शोभतो. पण बोलताना मी ड्रायव्हरच म्हणणार आहे. आपली गाडी कुठे अडते आणि कुठे खडखडते हे ज्याला पाठ असते, तो ड्रायव्हर. हा अर्थ येथे अगदी बरोबर लागू पडतो.

यंत्राला नावे कळत नाहीत, क्रमांक कळतात. आपण संगणकाला पेनड्राइव्ह जोडला की लिनक्स त्याला एक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकाचे रोमन अक्षर करून 'एसडीए', 'एसडीबी' असे नाव पाडतो. सव्वीस अक्षरे संपली की 'एए'पासून पुढे. सगळ्यात लहान मोकळा क्रमांक उचलायचा हा तेथला नियम आहे. म्हणून पेनड्राइव्ह काढून दुसरा लावला तर त्याला बहुधा पहिल्याचेच नाव मिळते. हा झाला हजेरीपटाचा प्रकार. पेनड्राइव्हच्या बाबतीत तो चालून जातो.

माझ्या विद्यार्थ्याचे काम जाळ्याच्या कार्डांशी आहे, आणि तेथे प्रकरण अधिक नाजूक आहे. मोठमोठ्या गणनकेंद्रांत शेकडो संगणक एकमेकांशी जोडलेले असतात. एका संगणकाने दुसऱ्याच्या प्रक्रियकाला न उठविता त्याच्या स्मृतीत परस्पर मजकूर ठेवायचा, असे एक तंत्र आहे. त्याला आरडीएमए म्हणतात. या तंत्रात प्रत्येक संभाषणासाठी दोन रांगा लागतात, एक पाठविण्याची आणि एक स्वीकारण्याची. या जोडीला एक क्रमांक असतो. तो चोवीस बिटांचा, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ क्रमांक शक्य. शून्य आणि एक हे दोन क्रमांक जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी राखून ठेवलेले. पलीकडून येणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक पुडक्यावर हा क्रमांक लिहिलेला असतो आणि कार्ड तेवढाच पाहून पुडके कोणाच्या हवाली करायचे ते ठरविते. रांगांच्या जोडीखेरीज स्मृतीच्या राखीव तुकड्यांना, संरक्षणक्षेत्रांना, अनेकांत मिळून वापरायच्या स्वीकाररांगांनाही असेच क्रमांक लागतात. हे क्रमांक द्यायचे कोणी? ड्रायव्हरने.

देण्याची रीत समजायला सोपी आहे. आपल्याकडे नाटकाच्या तिकीटखिडकीवर जो 'प्लॅन' असे तो आठवा. खुर्च्यांचे चौकोन छापलेला कागद. विकल्या गेलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. तिकीट परत आले की फुली खोडायची. संगणकात हाच कागद बिटांचा असतो. एकेका क्रमांकाला एक बिट, घेतलेला असेल तर एक, मोकळा असेल तर शून्य. याला बिटमॅप म्हणतात. मोकळी जागा शोधणे, फुली मारणे, फुली खोडणे एवढीच कामे. शिवाय एक चौथे काम आहे आणि ते विसरले की घात होतो. खिडक्या दोन असतील आणि प्लॅन एकच, तर दोन्ही कारकून एकाच क्षणी एकच खुर्ची विकणार नाहीत, याची व्यवस्था हवी. संगणकात अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करीत असल्याने प्लॅनला हात लावण्यापूर्वी कुलूप घालणे आणि नंतर ते काढणे आवश्यक असते.

हे एवढे लहानसे काम. म्हणूनच ज्याला त्याला वाटले की, आपण आपले लिहून टाकावे. मेलानॉक्स या कंपनीच्या इन्फिनिबँड कार्डांचा एक ड्रायव्हर २००५ साली लिनक्समध्ये आला. त्यात क्रमांकवाटपाची स्वतंत्र आज्ञावली होती. त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीच्या कार्डांचा ड्रायव्हर २००७ साली आला. त्यात त्याच घडणीची, थोड्या फेरफाराची दुसरी. पुढे २०१६ साली हायसिलिकॉन या चिनी कंपनीचा ड्रायव्हर दाखल झाला. त्यातही तीच मांडणी, केवळ फलनांच्या नावांपुढे कंपनीचा निराळा उपसर्ग. विद्यार्थ्याने ही तिन्ही पाने माझ्यापुढे ठेवली तेव्हा मला हसू आवरेना. आज्ञावलीतले मला फारसे कळत नव्हते, पण हस्तलिखितांची वंशावळ लावण्यात माझी हयात गेली आहे. ओळींचा क्रम तोच, 'शेवटचा', 'वरचा', 'मुखवटा' अशी चलांची नावे तीच. एका पोथीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी, हे सांगायला अभियंता कशाला हवा?

नक्कल करणे हे काही पाप नव्हे. या आज्ञावल्यांचे परवानेच नकलेला मुभा देणारे आहेत. पण पाठचिकित्सा करणाऱ्याला नकलेचा खरा उपद्रव ठाऊक असतो. मूळ पोथीत एखादा लेखकदोष निघाला आणि तो एका प्रतीत दुरुस्त केला, तरी इतर प्रती तशाच राहतात. कुलूप कोणत्या ओळीवर घालायचे यात एका ड्रायव्हरात चूक सापडली, तर बाकीच्यांत ती आहे की नाही हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते. आणि पाहणार कोण? त्या त्या कंपनीचा माणूस. तो नोकरी सोडून गेला असेल तर कोणीच नाही.

आता आपण विचाराल की, कर्नलमध्ये सर्वांसाठी एखादी सामाईक व्यवस्था का नव्हती? होती, हीच यातली गंमत. जिम ह्यूस्टन यांनी २००२ साली 'आयडीआर' नावाची आज्ञावली लिहिली. लहान क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकावरून वस्तूचा पत्ता शोधून द्यायचा, हे तिचे काम. नुसता क्रमांक हवा, पत्ता नको, अशांसाठी तेजुन हो यांनी २००७ साली 'आयडीए' ही धाकटी बहीण जोडली. म्हणजे २०१६ साली हायसिलिकॉनचा ड्रायव्हर आला तेव्हा सामाईक व्यवस्था नऊ वर्षांची झालेली होती. मग कंपन्यांनी ती का वापरली नाही? आमच्या मुलाने 'आळस' असे एका शब्दात उत्तर दिले. मला ते पटले नाही, आणि खणून पाहता असे दिसले की, दोष सामाईक व्यवस्थेचाही होता. तिच्याकडून क्रमांक घेण्याची मूळ रीत दोन टप्प्यांची होती. आधी एक अर्ज करून लागणारी स्मृती राखून ठेवायची, मग दुसरा अर्ज करून क्रमांक मागायचा. दरम्यान ती राखीव स्मृती दुसऱ्याच कोणी उचलली असेल तर 'पुन्हा या' असे उत्तर मिळे आणि पहिल्या टप्प्यापासून आरंभ. कुलूपही मागणाऱ्यानेच आणायचे. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना अधिक सांगायला नको. अशा खिडकीवर रांग लावण्यापेक्षा घरीच एक वही घातलेली बरी, असे कोणाला वाटले तर त्याला आळशी कसे म्हणावे? 

ही कटकट पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. निर्णायक सुधारणा २०१८ साली झाली. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी आयडीएचे दार बदलले. आता एकच फलन हाकारायचे, अमुक ते अमुक या मर्यादेतला क्रमांक द्या म्हणून; स्मृतीची तजवीज आणि कुलूप या दोन्ही गोष्टी आतल्या आत होतात. परत करायलाही एकच फलन. त्याच वर्षाच्या अखेरीस 'एक्सअ‍ॅरे' ही त्यांची नवी रचना कर्नलमध्ये आली आणि आयडीए तिच्या पायावर उभी राहिली.

या रचनेचे एक अंग मला विशेष आवडले. ड्रायव्हरांच्या घरच्या बिटमॅपात सगळा प्लॅन पहिल्या दिवशीच छापून ठेवावा लागतो. चोवीस बिटांचे सर्व क्रमांक मांडायचे तर २०,९७,१५२ बाइट आधीच अडकले, मग प्रेक्षक दहा का असेनात. आयडीए कागद लागेल तसतसा जोडते. तिचे एकेक पान १,०२४ क्रमांकांचे, म्हणजे १२८ बाइटांचे. अशी चौसष्ट पाने एका गाठीला बांधता येतात. चौसष्टांनी भागले नाही की वर आणखी एक गाठ. आणि पहिले साठेक क्रमांकच वापरात असतील तर वेगळे पानसुद्धा लागत नाही. गाठीत जेथे पानाचा पत्ता लिहायचा त्याच जागेत त्या फुल्या मावतात. पोथ्यांचे गठ्ठे रुमालात बांधणाऱ्या माणसाला ही व्यवस्था अनोळखी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. जो क्रमांक दिलेलाच नव्हता तो कोणी परत करू लागला, तर आयडीए कर्नलच्या नोंदवहीत मोठ्याने तक्रार लिहिते. घरच्या वहीत अशा वेळी बहुधा नसलेली फुली मुकाट्याने खोडली जाई. एकच क्रमांक दोनदा परत करणे ही वरवर निरुपद्रवी वाटणारी चूक आहे. पण पहिल्या परतीनंतर तो दुसऱ्याला दिला गेला असेल, तर दुसरी परत ही त्या निरपराध माणसाची खुर्ची काढून घेते. सामाईक आज्ञावलीला तपासणाऱ्या चाचण्याही कर्नलबरोबरच ठेवलेल्या आहेत. त्यांचा लाभ वापरणाऱ्या प्रत्येकाला आयता मिळतो.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल, मग अडचण काय? घरची वही फाडा आणि सामाईक खिडकीवर जा. मलाही तसेच वाटले होते. पण मुलगा म्हणाला, "सर, आयडीए सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देते. नुकताच मोकळा झालेला क्रमांक लगेच दुसऱ्याला." आणि मला एकदम दोनशेचौदा आठवले.

ही माझी फजिती. १९७८ च्या सुमारास मी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्याचे एक संपूर्ण प्रकरण एका बाडावर उभे होते. सतराव्या शतकातले, अनेक कवींची पदे एकत्र उतरविलेले ते बाड एका संस्थेच्या संग्रहात, क्रमांक २१४ वर होते. संस्थेचे नाव येथे नको. मी त्यावर तीन उन्हाळे बसलो होतो आणि प्रबंधात सुमारे साठ ठिकाणी 'बाड क्र. २१४' असा निर्देश होता. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी बहिःस्थ परीक्षक स्वतः त्या संस्थेत गेले आणि त्यांनी २१४ मागविले. रुमाल सोडला तर आत निघाली घोड्यांच्या औषधांची वही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अतिशय सौजन्याने विचारले की, ही पदे आपण कोठे वाचलीत? माझ्या तोंडाला कोरड पडली. त्या अर्ध्या तासात मी खोटा ठरलो होतो.

झाले होते ते असे. बाडाच्या मूळ मालकांनी ते वर्षभरापूर्वी परत नेले होते. नोंदवहीत २१४ रिकामा झाला. तेव्हाच नवी आलेली वैद्यकाची वही नोंदवायची होती. कारकुनाने व्यवस्थितपणे, जागा वाया न घालविता, तिला २१४ दिला. त्याच्या दृष्टीने त्यात काहीच चुकले नव्हते; कोणत्याही क्षणी एका क्रमांकावर एकच वस्तू होती. चूक वहीत नव्हतीच. जुन्या २१४ ला उद्देशून लिहिलेली साठ टिपणे अजून जगात हिंडत होती, आणि ती आता घोड्यांच्या औषधांकडे बोट दाखवीत होती.

आरडीएमएच्या कार्डाचे नेमके हेच आहे. संभाषण संपले, रांगांची जोडी मोडली, क्रमांक मोकळा झाला. पण पलीकडच्या संगणकाने आधी सोडलेले एखादे पुडके जाळ्यात कोठे तरी रेंगाळत असते. तोच क्रमांक त्याच घटकेला नव्या जोडीला दिला तर ते पुडके नव्याच्या दारात जाऊन उभे राहते. तेथे पुढेही पहारे आहेत, पुडक्यांचे अनुक्रमांक तपासले जातात, आणि संभाषण मिटल्यावर काही काळ थांबण्याची तरतूदही जोडणीच्या नियमांत आहे. तरी पहिला पहारा क्रमांकाचाच. म्हणून त्या जुन्या घरच्या वह्यांत एक युक्ती होती. वाटप शेवटच्या दिलेल्या क्रमांकाच्या पुढून सुरू करायचे, अखेरीस पोचल्यावरच पहिल्यापासून पाहायचे. आणि अशी फेरी पूर्ण झाली की क्रमांकाच्या वरच्या बिटांत बदल करायचा, म्हणजे कोष्टकातली जागा तीच असली तरी बाहेर दिसणारा क्रमांक निराळा. मी ज्यांना 'वरचा' आणि 'मुखवटा' म्हणून हसलो होतो ती चले याच कामाची होती. नकलांना हसणाऱ्या पाठचिकित्सकाने मूळ पाठाचा अर्थ पाहिलाच नव्हता. 

त्यामुळे घरची वही काढून सामाईक व्यवस्था आणणे हे नुसते झाडू मारण्याचे काम नाही. प्रत्येक वहीपाशी थांबून विचारावे लागते की, हिच्यात असे काही शहाणपण होते का, जे वरून वेडेवाकडे दिसते? हायसिलिकॉनच्या ड्रायव्हरात हे काम २०२१ साली झाले, आणि ते कसे झाले हे पाहण्याजोगे आहे. सगळे एका दमात बदलले नाही. स्मृतीच्या तुकड्यांचे क्रमांक एका दुरुस्तीत, संरक्षणक्षेत्रांचे दुसरीत, सामाईक स्वीकाररांगांचे आणखी एकीत. प्रत्येक दुरुस्ती वाचणाऱ्याला स्वतंत्रपणे तपासता येईल एवढी लहान. शेवटच्या दुरुस्तीत नवे काहीच नव्हते. कोणी वापरीत नसलेली जुनी बिटमॅपची आज्ञावली तेवढी पुसून टाकलेली.

रांगांच्या जोड्यांचे क्रमांक मात्र निराळ्या रीतीने हाताळले गेले, आणि गुरुजी असते तर त्यांना हा भाग आवडला असता. त्या कार्डात जोड्यांची माहिती जवळ ठेवण्यासाठी आठ कप्पे आहेत, आणि कोणती जोडी कोणत्या कप्प्यात जाणार हे तिच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन बिटांवरून ठरते. एकाच कप्प्यात गर्दी झाली तर काम मंदावते. म्हणून ड्रायव्हर आठ कप्प्यांसाठी आठ स्वतंत्र आयडीए ठेवतो. नवी जोडी आली की सर्वांत कमी गर्दीचा कप्पा निवडायचा, त्याच्या आयडीएकडून क्रमांक घ्यायचा, त्याला आठांनी गुणायचे आणि कप्प्याचा क्रमांक मिळवायचा. पाचव्या कप्प्यातला बारावा म्हणजे बारा आठे शहाण्णव आणि पाच, एकशेएक. शिवाय प्रत्येक कप्प्यापाशी 'पुढचा' म्हणून एक आकडा लिहून ठेवलेला असतो. आयडीएला 'या पुढच्यापासून अखेरपर्यंत कोणताही द्या' असे विचारायचे. नाही म्हणाली तरच अगदी पहिल्यापासून. म्हणजे आयडीए आपल्या स्वभावाप्रमाणे लहानात लहान क्रमांक देते. पण तिला विचारायची खालची मर्यादाच दर वेळी पुढे सरकत असल्यामुळे क्रमांक चढतच जातात, आणि नुकताच मोकळा झालेला क्रमांक फेरी पूर्ण होईपर्यंत पडून राहतो. प्लॅन, पेन्सिल, कुलूप हे सगळे सामाईक. कोणाला कोठे बसवायचे एवढे ज्ञान ड्रायव्हरचे, कारण गाडी त्याला ठाऊक आहे. 

कर्नलच्या अगदी मध्यभागीही असा एक बदल २०१७ साली झाला. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो. त्यांचे वाटप कर्नल पूर्वी स्वतःच्या खास बिटमॅपावरून करी. त्याऐवजी आयडीआर आणण्याचे काम एका उमेदवारीच्या कार्यक्रमातील विद्यार्थिनीने केले. तेथेही लहानात लहान मोकळा क्रमांक न देता चढता देण्याची रीत कायम ठेवली, आणि फेरी पूर्ण झाली की तीनशेपासून पुढे सुरू. पहिले तीनशे पुन्हा वाटले जात नाहीत.

माझ्या पिढीतल्या लेखकांना येथे टंकांचा अनुभव आठवेल. १९९० नंतर आम्ही मराठी मजकूर संगणकावर जुळवू लागलो तेव्हा प्रत्येक टंककंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले होते. एकाकडे लिहिलेला लेख दुसऱ्याकडे उघडला की चिन्हांचा पाचोळा. युनिकोडने तो प्रश्न सोडविला. मी विद्यार्थ्याला म्हटले, तुमचे प्रकरणही हेच ना? तो नाही म्हणाला, आणि त्याचेच बरोबर होते. युनिकोडमध्ये क्रमांकच सामाईक आहेत. 'क' चा क्रमांक वडोदऱ्यात आणि बेळगावात एकच असला पाहिजे. येथे क्रमांक ज्याचे त्याचे वेगळेच राहतात. दोन संगणकांत एकशेएक असेल आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल. सामाईक झाली आहे ती क्रमांक देण्याची रीत. एकात कोश आहे, दुसऱ्यात व्याकरण. त्या दिवसापासून मी हा दृष्टांत देणे सोडले. आज केवळ आपण विचाराल म्हणून सांगितला.

क्रमांक परत करण्याविषयी एक नियम राहिला. वस्तू पूर्ण मोडून झाल्यावरच तिचा क्रमांक सोडायचा, आधी नाही. कार्डाला 'ही जोडी मोड' अशी आज्ञा द्यायची, त्याचे उत्तर येऊ द्यायचे, आणि मगच क्रमांक आयडीएकडे. हा क्रम उलटा झाला तर क्षणभर का होईना एका क्रमांकाचे दोन धनी होतात. शिवाय वस्तू घडविताना मध्येच काही बिघडले, तर घेतलेला क्रमांक आठवणीने परत केला पाहिजे. नाही तर एकेक करून खुर्च्या कोणीही न बसता अडकून राहतात आणि एके दिवशी रिकाम्या नाट्यगृहावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागते. या दोन्ही चुका आयडीए टाळू शकत नाही. त्या ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्याच हातात आहेत. 

चौथ्या दिवशी निघताना विद्यार्थ्याने मला विचारले की, त्या प्रबंधाचे पुढे काय झाले. परीक्षकांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. नोंदवहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने, बाड परत नेणाऱ्यांचे गाव लिहिलेले सापडले. मी एसटीने तेथे गेलो, त्यांच्या माजघरात बसून साठही पदे पुन्हा ताडून पाहिली आणि मालकांची सही घेऊन आलो. पदवी मिळाली. प्रबंधात मात्र आजही 'बाड क्र. २१४' असेच छापलेले आहे. त्या संग्रहात २१४ वर घोड्यांची औषधे आहेत, आणि ते बाड त्या घरी, देवघरावरच्या फळीवर, कोणत्याही क्रमांकाशिवाय आहे.